वय विचारू नका, ताकद विचारा

मैत्रिणींनो, घरातल्या आजीला दम लागतो. इको केल्यावर डॉक्टर सांगतात, ‘व्हॉल्व्ह खराब झालाय, बदलावा लागेल.’ मग ओट्यावर चर्चा रंगते: ‘पंचाहत्तरी झाली आता, कशाला चिरफाड?’ आजोबा असले तर निदान मोठ्या दवाखान्यात नेऊन विचारतात. आजीचं पुष्कळदा गोळ्यांवरच भागवतात. म्हणून आजचा धडा या विषयावर.

विहिरीवरच्या मोटारीला फूट व्हॉल्व्ह असतो, तशा हृदयात चार झडपा असतात. रक्त पुढे जाऊ द्यायचं, मागे येऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम. उतारवयात मुख्य रक्तवाहिनीच्या तोंडावरच्या झडपेत चुना साचतो. ती नीट उघडत नाही आणि हृदयावर ताण येतो. चालताना धाप, छातीत दुखणं, भोवळ येऊन पडणं सुरू झालं आणि झडप बदलली नाही, तर बरेच रुग्ण दोन-तीन वर्षांपलीकडे जात नाहीत. गोळ्यांनी थोडं बरं वाटतं, पण झडप उघडत नाही. म्हणजे ‘काही करायचं नाही’ हाही निर्णयच आहे, आणि त्याचीही किंमत आहे.

आता डॉक्टर अंदाज कसा बांधतात ते बघू. ‘ऑपरेशन पार पडेल का?’ यासाठी वय, किडनी, शुगर, फुप्फुसं वगैरे पाहून आकडा काढतात. पण तो आकडा मुख्यतः पहिल्या महिन्याभराचा. वर्षभरानंतर आजी स्वतःच्या हातानं अंघोळ करेल का, देवळापर्यंत जाईल का, हे त्यातून कळत नाही.

त्यासाठी अशक्तपणा मोजावा लागतो. कॅनडा, अमेरिका आणि फ्रान्समधल्या १४ केंद्रांत १,०२० वयस्कर रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये छापून आला. निम्मे रुग्ण ८२ च्या आसपास किंवा त्याहून मोठे होते. वर्षभरात कोण दगावेल याचा अंदाज चार साध्या गोष्टींवरून चांगला आला. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठता येतं का, आणि ते १५ सेकंदांच्या आत होतं का? स्मरणशक्ती शाबूत आहे का? हिमोग्लोबिन बाईचं १२ च्या, पुरुषाचं १३ च्या खाली आहे का? रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन ३.५ च्या खाली आहे का? जितक्या गोष्टी बिघडलेल्या, तितका धोका जास्त. (खुर्चीची चाचणी घरी करून बघू नका. भोवळ येणारी आजी पडायची. डॉक्टरांसमोरच करा.)

नीट बघा, यातल्या दोन गोष्टी रक्ताच्या आणि जेवणाच्या आहेत. सगळ्यांचं उरकल्यावर ताक-भाकरीवर भागवणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन आणि प्रथिन कमी निघालं तर नवल काय! रक्त का कमी झालं ते शोधून घ्या. डाळ, अंडं, दूध किती द्यायचं ते विचारा, कारण किडनीचा त्रास असेल तर प्रमाण बदलतं. यानं आयुष्य किती वाढेल याची हमी कोणी देत नाही. आणि ‘आधी ताकद येऊ दे’ म्हणत ऑपरेशन महिनोन्‌महिने लांबवूही नका.

उलट बाजूही सांगायला हवी. आजी अंथरुणाला खिळलेली असेल, माणसं ओळखत नसेल, तर नवी झडप तिला पूर्वीसारखी करणार नाही. तेव्हा धाप कमी करणं, त्रास न होऊ देणं हाच योग्य उपचार असू शकतो. आजी शुद्धीत असेल तर तिलाच विचारा. निर्णय तिच्या अंगाचा आहे.

झडप कोणती, हेही महत्त्वाचं. साधारण ६५ च्या पुढे प्राण्याच्या ऊतीची बसवतात, ती १०-१५ वर्षं चालते. धातूची जास्त टिकते, पण रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि आयएनआर ही तपासणी वरचेवर करावी लागते. तालुक्याला ती होते का? मांडीतल्या रक्तवाहिनीतून, छाती न उघडता बसवायची पद्धतही आहे, पण ती फार महाग.

गटातून कर्ज उचलण्याआधी योजनेतल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झडप बदलण्याच्या शस्त्रक्रिया आहेत. वय ७० च्या पुढे असेल तर उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. डॉक्टरांनी सांगितलेली झडप आणि पद्धत योजनेत बसते का, वरून किती भरावे लागतील, हे भरती होण्याआधी लेखी घ्या.