तमिळनाडू : भूमी आणि तिची चिन्हे

प्रत्येक राज्याला आपली म्हणून काही चिन्हे असतात. कोणता प्राणी, कोणता पक्षी, कोणते फूल निवडले गेले यावरून त्या राज्याने स्वतःकडे कोणत्या नजरेने पाहिले, हे पुष्कळ अंशी कळते. तमिळनाडूच्या बाबतीत ही निवड विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या भाषेने भूमीचे वर्गीकरणच फुलांच्या नावांनी केले, त्या भाषेचे हे राज्य आहे.

तमिळ भाषेच्या प्राचीनतम काव्यसंग्रहांत, म्हणजे ज्याला संघम् साहित्य म्हणतात त्यात, भूमीचे पाच प्रकार सांगितले आहेत. डोंगराळ प्रदेश तो कुरिंजी, वनांचा आणि कुरणांचा मुल्लै, नदीकाठच्या शेतीचा मरुदम्, समुद्रकाठचा नेय्दल् आणि उन्हाने होरपळलेला उजाड प्रदेश तो पालै. ही सारी वनस्पतींची नावे होत. कुरिंजी ही आपल्या सह्याद्रीतील कारवीची बहीण. निलगिरीवरील तिची एक जात बारा वर्षांतून एकदा फुलते आणि उतारच्या उतार निळे करून टाकते. मुल्लै ही जाईच्या कुळातील वेल, मरुदम् हा अर्जुनवृक्षाच्या जातीचा, आणि नेय्दल् हे खाजणांत व तळ्यांत उमलणारे निळे कुमुद. कवीने फुलाचे नाव घेतले की त्याबरोबर तिथली माती, तिथले पाणी, तिथली माणसे, त्यांचा उद्योग आणि प्रेमाची एक विशिष्ट अवस्था, इतके सारे वाचकापुढे उभे राही. चिन्ह आणि भूमी यांची अशी घट्ट गाठ फार थोड्या साहित्यांत आढळते.

आधुनिक राज्याची चिन्हे निराळ्या मार्गाने आली. स्वातंत्र्यानंतर लवकरच, १९४९ मध्ये, त्या वेळच्या मद्रास प्रांताने आपली राजमुद्रा ठरवली. तिच्यात अशोकस्तंभावरील सिंह आहेत, दोन्ही बाजूंना राष्ट्रध्वज आहेत आणि मागे मंदिराचे उंच गोपुर आहे. हे गोपुर श्रीविल्लिपुत्तूर येथील मंदिराचे, असे सामान्यतः मानले जाते. ते मदुरैच्या मीनाक्षी मंदिराचे पश्चिम गोपुर होय, असेही एक मत आहे. गोपुर कोठले, या प्रश्नावर तमिळ माणसे अजूनही हिरिरीने वाद घालतात, आणि तसे होणे स्वाभाविकच आहे. मुद्रेवरील बोधवाक्य आज तमिळमध्ये आहे : ‘वाय्मैये वेल्लुम्’, म्हणजे सत्याचाच विजय होतो.

मुद्रा मिळाली, तरी नाव मिळायला वीस वर्षे लागली. १९५२ मध्ये पोट्टी श्रीरामुलु यांनी स्वतंत्र आंध्र राज्यासाठी मद्रास शहरातच प्राणांतिक उपोषण केले आणि त्यांच्या मृत्यूनंतर १ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य वेगळे झाले. मद्रास शहरावर तेलुगू भाषकांचाही दावा होता; मुंबईच्या प्रश्नावरून महाराष्ट्रात जे घडले ते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या वादाची तीव्रता वेगळी सांगावयास नको. १९५६ साली मलबार केरळात गेला, कन्याकुमारीचा प्रदेश मद्रासला मिळाला आणि राज्याची सीमा जवळजवळ भाषेच्या सीमेशी जुळली. तरीही नाव मद्रासच राहिले. ते बदलावे, या व इतर काही मागण्यांसाठी विरुदुनगरचे वृद्ध स्वातंत्र्यसैनिक शंकरलिंगनार यांनी त्याच वर्षी उपोषण आरंभिले. दोन महिन्यांहून अधिक काळ ते अन्नावाचून राहिले आणि १३ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांचा अंत झाला. नव्या सीमा अमलात यायला तेव्हा तीन आठवडेदेखील उरले नव्हते. पुढे सी. एन. अण्णादुरै मुख्यमंत्री असताना, १९६७ साली, विधानसभेने नामांतराचा ठराव संमत केला आणि १४ जानेवारी १९६९ रोजी, पोंगलच्या सणाला, ‘तमिळनाडू’ हे नाव अधिकृत झाले. त्यानंतर तीनच आठवड्यांनी अण्णादुरै निवर्तले. एका शब्दासाठी दिलेली ही किंमत पाहिली, म्हणजे इथे चिन्हांना इतके महत्त्व का, हे उमगते.

इतर चिन्हांपैकी निलगिरी ताहर हा राज्यप्राणी होय. तमिळमध्ये त्याला ‘वरैयाडु’, कड्यावरची शेळी, म्हणतात. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातील उंच गवताळ पठारांवर आणि उभ्या कड्यांवर तो राहतो. जगात अन्यत्र कोठेही नाही. दोडाबेट्टा हे २,६३७ मीटर उंचीचे शिखर ज्या निलगिरीत आहे, तेथील गवताळ माळांवर इंग्रजी अमदानीपासून निलगिरी, बाभूळवर्गीय वॅटल आणि चहा यांची लागवड होत गेली आणि ताहरचा प्रदेश तुकड्यातुकड्यांनी आकसला. त्याच्या रक्षणासाठी राज्याने २०२३ मध्ये एक स्वतंत्र प्रकल्प हाती घेतला आहे.

राज्यपुष्प आहे कांदळ्, आपली कळलावी. ज्वालेसारख्या वर वळलेल्या लाल-पिवळ्या पाकळ्यांची ही वेल संघम् काव्यात डोंगरदेवता मुरुगनशी जोडलेली आहे. हिचा कंद जहाल विषारी असतो. पण तिच्यातील कोल्चिसिन हे द्रव्य संधिवाताच्या एका प्रकारावर गुणकारी असल्यामुळे बियांसाठी शेतकरी तिची रीतसर लागवड करतात. राज्यपक्षी पाचू कवडा हा दाट झाडीच्या सावलीत जमिनीवर चरणारा लाजाळू पक्षी आहे. राज्यफुलपाखरू ‘तमिळ मरवन्’ २०१९ मध्ये ठरले. (राज्यफुलपाखरू ठरवण्याची प्रथा महाराष्ट्राने २०१५ मध्ये सुरू केली.) तेही घाटातल्या अरण्याचेच रहिवासी.

या यादीत सखल प्रदेशाचा खरा प्रतिनिधी एकच, आणि तो म्हणजे ताड. रामनाथपुरम्, तूत्तुकुडी या कोरड्या जिल्ह्यांत, जिथे दुसरे झाड तग धरत नाही तिथे, ताडांच्या रांगा क्षितिजापर्यंत गेलेल्या दिसतात. त्याची नीरा, त्याचा गूळ, उन्हाळ्यातले ताडगोळे, छपरासाठी झावळ्या आणि तुळईसाठी खोड, असे त्याचे काहीही वाया जात नाही. त्याहून मोठे ऋण त्याच्या पानांचे आहे. अवघे प्राचीन तमिळ साहित्य ताडपत्रांवर टिकले. वाळवीने खाल्लेली, विस्मृतीत गेलेली ती पत्रे गावोगाव हिंडून मिळवण्यात आणि छापण्यात उ. वे. स्वामिनाथ अय्यर (१८५५–१९४२) यांनी आयुष्य वेचले. भूमीच्या पाच प्रकारांची कविता आज वाचावयास मिळते, तिचे बरेचसे श्रेय त्यांच्याकडे जाते. मराठी वाचकांना तंजावूरचे सरस्वती महाल ग्रंथालय परिचित आहे. तेथील ताडपत्रांशेजारीच भोसले घराण्याच्या काळातील मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागद आहेत, आणि बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजींनी १८०३ मध्ये कोरविलेला विस्तृत मराठी लेखही आहे.

आता ही चिन्हे जुन्या पाच भूमींवर मांडून पाहिली, तर एक गोष्ट ध्यानात येते. प्राणी, फूल, पक्षी, फुलपाखरू ही सारी डोंगराची आणि अरण्याची, म्हणजे कुरिंजीची आणि मुल्लैची आहेत. पाण्याची भूमी मात्र या मालिकेत कोठेच नाही. वास्तविक तमिळनाडूचे जीवन पाण्याच्या हिशेबावर चालते. नैर्ऋत्य मोसमी वारे आपला बहुतेक पाऊस घाटापलीकडे सांडून येतात. पूर्व किनाऱ्याला मुख्य पाऊस मिळतो तो ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, परतीच्या वाऱ्यांबरोबर आणि चक्रीवादळांबरोबर. तीन महिन्यांत कोसळलेले पाणी वर्षभर पुरवायचे, म्हणून येथील लोकांनी शतकानुशतके ‘एरी’ बांधल्या. उताराच्या जमिनीवर मातीचा बांध घालून केलेले हे तलाव असे साखळीने जोडलेले असत, की वरचा भरला म्हणजे जादा पाणी खालच्यात उतरावे.

अशा एका विस्तृत साखळीचे शेवटचे पाणी जेथे येते, ती जागा म्हणजे चेन्नईच्या दक्षिणेची पळ्ळिक्करणै दलदल. सुमारे २५० चौरस किलोमीटर क्षेत्रातील पाणी तिच्यात उतरते आणि ओक्कियम् मडुवु या प्रवाहातून बकिंगहॅम कालव्याकडे व पुढे कोवळम्‌च्या खाडीकडे जाते. तिच्या पूर्व कडेवरील जुन्या वस्तीचे नाव पेरुंगुडी. पेरुम् म्हणजे मोठे आणि कुडी म्हणजे वस्ती. भरतीचे खारे पाणी आणि तलावांचे गोडे पाणी यांच्या संगमामुळे येथे लव्हाळी, कुमुदे, मासे आणि हिवाळी पाहुण्या पक्ष्यांची मोठी वर्दळ असे. नेय्दल् आणि मरुदम् यांच्या सांध्यावरची ही भूमी होय.

शासनाच्या दप्तरात दलदल म्हणजे पडीक जमीन. पेरुंगुडीच्या बाजूला १९८० च्या दशकापासून शहराचा कचरा टाकला जाऊ लागला आणि त्याचे डोंगर झाले. जवळच सांडपाणी शुद्धीकरण केंद्र उभे राहिले. पुढे महाबलीपुरम् रस्त्यालगत संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती आल्या, त्यांच्यामागोमाग घरे आली, आणि २०११ मध्ये पेरुंगुडी महानगरपालिकेच्या हद्दीत आली. एकेकाळी पाच हजार हेक्टरांच्या पुढे पसरलेली दलदल आकसत गेली. पाण्याला मात्र आपली जुनी वाट ठाऊक असते. २०१५ च्या डिसेंबरातील महापुरात आणि २०२३ मधील ‘मिचौंग’ चक्रीवादळात दक्षिण चेन्नईच्या वस्त्या बुडाल्या, त्या याच खोलगट पट्ट्यातल्या.

दलदलीच्या काही भागाला २००७ मध्ये राखीव वनाचा दर्जा मिळाला, आणि २०२२ मध्ये सुमारे १,२४८ हेक्टर क्षेत्र रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ म्हणून जाहीर झाले. पेरुंगुडीचा जुना कचरा उपसून, चाळून, जमीन मोकळी करण्याचे कामही सुरू झाले. महाराष्ट्राने २०२० साली पांढऱ्या चिप्पीला राज्याचे कांदळवन-वृक्ष म्हणून मान दिला. तमिळनाडूच्या पाणथळीला असे चिन्ह अद्याप मिळालेले नाही. आणि ताहरचा अनुभव पाहता, चिन्ह होण्याने संरक्षण आपोआप मिळते असेही म्हणता येत नाही. संघम् कवींचे निळे नेय्दल् मात्र या भागातील तळ्यांतून अजून उमलते, आणि पाऊस उतरल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात, जांभळ्या पाणकोंबड्या आणि कमळपक्षी लव्हाळ्यांतून बाहेर येतात.