परदेशी जाण्याआधी माहिती शोधायची कशी?



बारावीनंतर किंवा पदवीनंतर "सर, परदेशात शिकायला जायचंय" म्हणणारी मुलं आता आपल्या गावातल्या शाळांतही भेटतात. विषय मोठा आहे, म्हणून आज आपण एकच उदाहरण घेऊ : जर्मनी.

माझ्या एका माजी विद्यार्थिनीच्या वडिलांनी मला मोबाइलवर आलेली एक यादी दाखवली. त्यात लिहिलं होतं, व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाच्या खर्चाचे ११,२०८ युरो भरावे लागतात. त्यांनी तेवढीच सोय केली होती. आकडा खोटा नव्हता, पण जुना होता. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो झाली आहे, म्हणजे महिन्याला ९९२ युरो. फरक ६९६ युरोंचा, आपल्या साठ हजारांहून जास्त रुपयांचा! अर्जाआधी लक्षात आलं म्हणून निभावलं.

म्हणून मुलांना तीन प्रश्न विचारायला शिकवा.

१) कोणी सांगितलं?
व्हिसा आणि पैशांचे नियम जर्मन दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहा. अभ्यासक्रम, फी, शेवटची तारीख त्या विद्यापीठाच्याच पानावर पाहा. एजंटने सांगितलं तरी तिथे पडताळून घ्या.

२) कधी सांगितलं?
माहितीवर तारीख नसेल तर ती कच्ची समजा. मागच्या वर्षी गेलेल्या दादाचा अनुभव खरा असतो, पण नियम बदललेला असू शकतो.

३) कोणासाठी सांगितलं?
लेकीला भेटायला जाणाऱ्या आईवडिलांचा शेंगेन व्हिसा वेगळा. त्यावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. शिकायला जाणाऱ्या मुलीला मात्र घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत तिथल्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. एकाची यादी दुसऱ्याला चालत नाही.

मग तिथे राहणाऱ्या ओळखीच्यांना काहीच विचारायचं नाही का? जरूर विचारा! रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवारीच किराणा भरून ठेव. पाण्याची रिकामी बाटली फेकू नकोस, दुकानात परत दिली की २५ सेंट मिळतात... या गोष्टी अनुभवी माणूसच आपणहून सांगतो. थोडक्यात, नियम कार्यालयाला विचारा आणि रोजचं जगणं माणसाला विचारा.

वर्गासाठी उपक्रम : मोबाइलवर फिरणारा असा एखादा संदेश फळ्यावर लिहा. प्रत्येक वाक्यापुढे मुलांना कोणी, कधी, कोणासाठी हे लिहायला सांगा. किती रकाने रिकामे राहतात ते मुलांनाच मोजू द्या. जर्मनीला कोणी जावो न जावो, ही सवय शिष्यवृत्तीच्या अर्जापासून पुढे जन्मभर उपयोगी पडेल.

नक्की करून बघा!