दप्तराचे स्थलांतर : आज्ञावलीचा इतिहास कसा टिकवावा

मोठी आज्ञावली अनेक माणसे वर्षानुवर्षे लिहीत व दुरुस्त करीत असतात. प्रत्येक दुरुस्ती कोणी, केव्हा व कशासाठी केली याची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेस आवृत्ती-नियंत्रण म्हणतात. तलाठ्याच्या फेरफार-नोंदींप्रमाणेच तिचे मोल वाद उपस्थित झाल्यावर कळते. वीस वर्षांपूर्वीची एखादी चमत्कारिक ओळ काढावी की ठेवावी, हे नुसती ओळ वाचून ठरत नाही.

व्यवस्था जुनी झाली म्हणजे दप्तर हलवावे लागते. आज्ञावलीची अखेरची प्रत नेणे सोपे. मागचे सारे नेणे कठीण. लिनक्सच्या कर्त्यांनी २००५ साली गिटचा आरंभ करताना मागील इतिहास बाजूस ठेवला; तो पुढे इतरांनी वेगळा रूपांतरित केला. 'जीसीसी' या संकलकाच्या चालकांनी मात्र दुसरा मार्ग धरला. मानवी आज्ञांचे यंत्रभाषेत रूपांतर करणारी ही आज्ञावली १९८७ साली प्रसिद्ध झाली. तिचे दप्तर ऑक्टोबर २००५ मध्ये सीव्हीएसमधून सबव्हर्शनमध्ये, आणि जानेवारी २०२० मध्ये तेथून गिटमध्ये गेले. या दुसऱ्या वेळी सबव्हर्शनमधील नोंदींचा अनुक्रमांक सुमारे २,८०,००० वर पोहोचला होता.

सीव्हीएस प्रत्येक फाइलीचा हिशेब निराळा ठेवी. दहा फाइलींना स्पर्श करणारा एकच बदल तेथे दहा सुट्या नोंदी होऊन बसे. रूपांतर करणाऱ्यास नोंदणाऱ्याचे नाव, टिपणाचे शब्द आणि वेळेची जवळीक पाहून त्या पुन्हा एकत्र बांधाव्या लागतात. म्हणजे थोडे अनुमान आलेच.

सबव्हर्शनमध्ये बदल एकसंध राहतो, परंतु नाव मिळते ते नोंद चढविणाऱ्याचे. ज्याला नोंदीचा अधिकार नव्हता, अशा मूळ लेखकाचे श्रम दुसऱ्याच्या खाती जमा होत. जीसीसीच्या सुदैवाने 'चेंजलॉग' नावाच्या फाइलींत लेखकांची नावे लिहिण्याची शिस्त होती. 'रिपोसर्जन' या साधनाने ती वाचून ज्याचे श्रम त्याच्या नावे लावले.

पुढचा प्रश्न क्रमांकांचा. 'अमुक क्रमांकाच्या बदलाने हा दोष आला' अशी वाक्ये जुन्या टिपणांत व दोषांच्या नोंदींत विखुरलेली असतात. गिटमध्ये असे अनुक्रमांक नाहीत. ओळखचिन्ह नोंदीच्या मजकुरावरूनच गणिताने काढले जाते. म्हणून रूपांतरित टिपणांच्या शेवटी जुना सबव्हर्शन-क्रमांक लिहून ठेवण्यात आला.

या ओळखचिन्हातच खरी गोम आहे. त्याच्या गणनेत पूर्वीच्या नोंदीचे चिन्हही धरलेले असते. परिणामी १९९८ सालच्या नोंदीतील एक नाव स्थलांतरानंतर सुधारू म्हटले, तर तिच्यावर उभारलेल्या सर्व नोंदींची चिन्हे बदलतात, आणि जगभर पसरलेल्या प्रती तिच्याशी जुळेनाशा होतात. यास्तव चुका शोधावयाच्या त्या आधीच. जीसीसीच्या रूपांतराच्या अनेक चाचणी-प्रती तयार करून त्या सहकाऱ्यांपुढे तपासणीसाठी मांडण्यात आल्या, आणि त्यानंतरच जुन्या दप्तरात नव्या नोंदी घेणे थांबले.