ध्वनिनाट्यांचे परीक्षण लिहिताना

ज्या विज्ञानकथा केवळ कानांसाठी लिहिल्या गेल्या, त्यांची जुनी ध्वनिमुद्रणे आता पेटीबंद संचांच्या रूपाने रसिकांच्या घरी येऊ लागली आहेत. आणि असा संच परीक्षणार्थ हाती आला, म्हणजे वेष्टनावरील चित्र, मागील बाजूचा त्रोटक मजकूर आणि दोन-तीन भागांचे घाईचे श्रवण एवढ्या भांडवलावर अभिप्राय लिहून मोकळे होण्याची प्रवृत्ती आपल्या नियतकालिकांत इतकी रूढ होत चालली आहे, की तिचा उपसर्ग मला स्वतःला पोहोचला नसता, तरीही तिच्याविषयी चार शब्द लिहिणे मी अगत्याचेच मानले असते.

माझ्याकडे अभिप्रायार्थ आला होता तो चार्ल्स चिल्टन यांनी लिहिलेल्या व निर्मिलेल्या ‘जर्नी इन्टू स्पेस’ या ब्रिटिश नभोनाट्याचा संच. बीबीसीच्या निरोप्या पोऱ्याच्या नोकरीपासून आरंभ करून निर्मातेपदी पोहोचलेल्या या गृहस्थांनी १९५३ च्या सप्टेंबरात, म्हणजे पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात जाण्याच्या चार वर्षे आधी, चार माणसांना चंद्राकडे धाडले, आणि कथेतला काळ धरला तो १९६५ चा. पहिली मालिका अठरा भागांची होती. तिच्या मूळ फिती पुढे पुसल्या गेल्या. १९५८ साली परदेशी नभोवाणी केंद्रांना कार्यक्रम पुरविणाऱ्या विभागासाठी तीच कथा ‘ऑपरेशन लुना’ या नावाने तेरा भागांत पुन्हा ध्वनिमुद्रित झाली, आणि ही मुद्रणेही नाहीशी झाली असे समजले जात असता, दफ्तरात भलत्याच जागी पडून राहिलेल्या तबकड्या १९८६ मध्ये हाती लागल्या. आज ज्याला आपण पहिली मालिका म्हणून ऐकतो, ती ही.

हा सर्व तपशील मी परीक्षणात एका स्वतंत्र परिच्छेदात नमूद केला होता. जागेच्या अडचणीमुळे संपादकीय विभागाने नेमका तोच परिच्छेद गाळला, आणि १९५३ सालचे आवाज जसेच्या तसे ऐकावयास मिळतात अशा अर्थाचा ठळक मथळा वर चढविला. महिनाभरात एका वयोवृद्ध अभियंत्यांचे पत्र आले. शिक्षणासाठी इंग्लंडात असताना घरमालकिणीच्या स्वयंपाकघरातील रेडिओवर त्यांनी ती मालिका ऐकली होती, आणि बिनतारी यंत्र सांभाळणाऱ्या लेमी या पात्राच्या लंडनी बोलण्यावरून तेथील लोकांच्या बोलीला त्यांचा कान सरावला होता. माझा अभिप्राय वाचून त्यांनी आवर्जून संच मागविला, आणि पहिल्या काही वाक्यांतच त्यांच्या ध्यानी आले की हा तो लेमी नव्हे. त्यांचे म्हणणे खरे होते: १९५३ साली लेमीची भूमिका डेव्हिड कॉसॉफ यांनी केली होती, तर १९५८ च्या मुद्रणात आवाज आहे तो अल्फी बास यांचा. पत्रात रागाचा शब्दही नव्हता. पन्नास वर्षे मनात जपलेला तो आवाज कोठे मिळेल, एवढीच पृच्छा होती, आणि तिच्यामुळेच मला अधिक वाईट वाटले.

तेव्हापासून, मुद्रण कोणत्या साली व कोणत्या नटसंचाने झाले ही माहिती मी वेगळ्या परिच्छेदात कधीही ठेवीत नाही. गुणदोषविवेचनाच्या वाक्यातच ती अशी गुंफतो, की कात्री लावणाऱ्यास ती काढावयाची तर निर्णयच काढावा लागेल. नवोदित परीक्षकांनी हीच पद्धत अवलंबावी, आणि मथळा छापण्यापूर्वी दाखविण्याची लेखी हमी संपादकांकडून घेण्यास संकोचू नये.

दुसरी गोष्ट श्रवणाच्या गतीची. ही नाटके अर्ध्या-अर्ध्या तासाच्या साप्ताहिक भागांत ऐकण्यासाठी रचलेली होती. म्हणून प्रत्येक भागाच्या आरंभी मागील प्रसंगाची उजळणी आणि शेवटी संकटाची चाहूल. परीक्षणाची मुदत जवळ आली म्हणून सात-आठ भाग एका बैठकीत ऐकणाऱ्यास ही उजळणी कंटाळवाणी वाटते, आणि मग ‘पुनरुक्ती’ म्हणून लेखकाच्या माथी तो दोष मारला जातो, जो वस्तुतः ऐकणाऱ्याने स्वतःच्या घाईने उत्पन्न केलेला असतो. दिवसाला एकच भाग, आणि तोही दुसरे काम हाती न घेता ऐकावा. निर्जन चंद्रावर बिनतारी यंत्राशी बसलेल्या लेमीला जे अपरिचित संगीत ऐकू येते, ते त्याच्याबरोबर श्रोत्याच्याही कानी पडते, आणि हे खरोखर आहे की भास, या संशयात दोघेही सापडतात. हा परिणाम रहदारीत ऐकणाऱ्याच्या वाट्याला येणे शक्य नाही.

‘द रेड प्लॅनेट’ या दुसऱ्या मालिकेत तर सारी भीती एका आवाजात आहे. मंगळाकडे निघालेल्या ताफ्यात व्हिटेकर नावाचा एक कर्मचारी आहे, आणि तो इतक्या सपाट, निर्विकार स्वरात बोलतो की कोठे काय बिघडले आहे हे न कळताही अंगावर काटा उभा राहतो. तो असा का बोलतो, हे परीक्षकाने कदापि सांगू नये. स्वर कसा आहे हे मात्र अवश्य सांगावे, कारण अभिनयाची पारख तेथेच आहे. डेव्हिड जेकब्स या एकाच नटाने मालिकांमध्ये किती निरनिराळ्या भूमिका निभावल्या आहेत, हेही नामावली पुढे ठेवून ऐकणाऱ्यासच उमगेल.

चित्रपटाशी तुलना शक्य तो टाळावी. ‘स्टार वॉर्स’चे अमेरिकन सार्वजनिक नभोवाणीने १९८१ साली तेरा भागांत केलेले रूपांतर चित्रपट सुरू होण्यापूर्वीच्या घटनांपासून आरंभ करते, त्याला ‘लांबविलेला चित्रपट’ म्हणणे हा ब्रायन डेली या लेखकावर सरळ अन्याय होय.

अभियंत्यांना मी उत्तरादाखल कळविले, की कॉसॉफ यांचा आवाज ‘द रेड प्लॅनेट’मध्ये सुरक्षित आहे, आणि तिसऱ्या, ‘द वर्ल्ड इन पेरिल’ या मालिकेत पुन्हा बास येतात. नव्या श्रोत्याने कथेच्या क्रमाने ‘ऑपरेशन लुना’पासूनच आरंभ करावा, पुढील मालिकेत आवाज बदलल्याचे पहिल्या भागापुरते खटकेल, परंतु ज्याने ती मूळ प्रक्षेपणे ऐकली असतील, त्याने दुसऱ्या मालिकेची पेटी आधी उघडावी.