घरासाठी दहा गुंठे



मध्यंतरी एका गटाची कर्जवही तपासत होते. जून ते ऑगस्टमधल्या अंतर्गत कर्जांसमोर कारण होतं खत, बियाणं, आजारपण. बैठक उठल्यावर एक ताई मागे थांबल्या. हळूच म्हणाल्या, "मॅडम, वहीत खत लिवलंय, पण त्या पैशाचं डाळ-तेल आणलं. दोन एकर रान असून घरात खायला नाही, हे चारचौघींत कसं सांगू?"

लाज त्या ताईंची नाही. लातूर-धाराशिवकडे बऱ्याच कोरडवाहू रानात बांधापासून बांधापर्यंत सोयाबीनच असतं. पैसा येतो दिवाळीच्या आसपास आणि उसनवारीत जातो. पुढच्या आषाढात डबे पुन्हा रिकामे. म्हणून आजचा धडा : रानातले दहा गुंठे घरासाठी राखायचे. एकराचे गुंठे ४०, म्हणजे हा पाव एकर झाला.

पूर्वी मी तक्ता लावून परसबाग शिकवायचे. एक आजी म्हणाल्या, "पोरी, उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही, तुझ्या वांग्यांना कुठलं घालू?" त्यांचं खरं होतं. म्हणून हे नियोजन पावसावरचं आहे.

१. आधी घरातलं मोजा. आठ दिवस रोजचं पीठ आणि डाळ मोजून लिहा. समजा पाच माणसांच्या घराला रोज दोन किलो धान्य लागतं, म्हणजे महिन्याला ६० किलो. प्राधान्य कुटुंबाच्या रेशनकार्डावर माणशी ५ किलोप्रमाणे २५ किलो मिळतं. उरलेलं ३५ किलो विकत. डाळ रोज पाव किलो धरली तरी महिन्याला साडेसात किलो होते. आपल्या घरचा खड्डा किती, तो आपणच काढायचा.

२. पेरणी अशी करा. सहा गुंठ्यांत मुगाच्या दोन ओळी, मग तुरीची एक, अशी पेर करा. मूग साधारण ६०-७० दिवसांत निघतो, तूर मागून येते. उरलेल्या चार गुंठ्यांत आधी उडीद, तो काढून रब्बी ज्वारी. भाकरीला ज्वारी आणि शेळीला कडबा. बांधाकडेने चवळी, अंबाडी, तांदुळजा टाका. तांदुळजा महिन्याभरात खुडायला येतो, म्हणजे ऐन अडचणीत भाजी मिळते.

पाऊस बरा झाला आणि एकरी तीन क्विंटलचा उतार धरला, तर सहा गुंठ्यांत ४५ किलो तूर येईल. भरडून अंदाजे ३० किलो डाळ, म्हणजे चार महिन्यांची. ती कडक वाळवून जून ते सप्टेंबरसाठी बाजूला ठेवा. पाहुणे आले तरी त्या डब्याला हात लावू नका!

३. बी घरचं ठेवा. पीक उभं असतानाच निरोगी, भरल्या शेंगांच्या झाडांना चिंधी बांधा. त्यांचं बी वेगळं काढा, वाळवा, राख आणि कडुनिंबाचा वाळका पाला घालून ठेवा. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा, सात-आठ दिवसांनी मोजा. ७० किंवा जास्त उगवले तर बी चांगलं. ६० च्या खाली गेले तर ते पेरू नका. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं असंच जपलं. २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली.

४. घरात बोला. इथंच गाडी अडते. "नगदी पीक सोडून हे कशाला?" असं घरातून विचारलं जाईल. भांडू नका, वही पुढे करा. दहा गुंठ्यांत सोयाबीन दोन क्विंटल झालं आणि भाव ४,५०० मिळाला, तर ९,००० रुपये येतात. त्यातून बियाणं, खत, फवारणी, काढणी, मळणी वजा करा. मग वर्षभरात डाळ, धान्य, भाजीला किती गेले आणि त्यासाठी कर्ज कितीदा काढलं, ते मांडा. घरच्या पिकाला सोयाबीनपेक्षा जास्त पैसे होतील असं मी म्हणत नाही. पण पावसाळ्यात हात रिकामा असतो तेव्हा डाळ घरात असते. दहा गुंठे नाही मिळाले तर पाच मागा. रान नसलेल्या सख्यांनी दोघी-तिघींनी मिळून बटईनं थोडी जागा घेता येते का, ते गटात ठरवावं.

पुढच्या बैठकीसाठी :
• आठ दिवसांचं मोजमाप लिहून आणा.
• कुणाकडे मूग, उडीद, चवळी, अंबाडीचं गावरान बी आहे, त्याची यादी करा. ज्यांच्याकडे नाही त्यांना वाटीभर द्या, पीक निघाल्यावर दोन वाट्या परत घ्या.
• कर्जवहीत खरं कारण लिहा. 'डाळ' असेल तर 'डाळ'च. किती घरांत अडचण आहे ते गटाला दिसलं, तरच गट त्यावर काही करू शकेल.

त्या ताईंनी पुढच्याच बैठकीत स्वतःहून कारण बदलून घेतलं. त्यांच्यामागे आणखी दोघींनी हात वर केला.

तुमची,
क्षेत्र समन्वयक