टर्कीचें पाकीटबंद मांस : तें इतर मांसापेक्षां हितकर आहे काय ?

गेल्या वर्षभरांत आमच्या मंडळाच्या बैठकींतून एक प्रश्न वारंवार निघूं लागला आहे. "डॉक्टरांनीं मटण कमी करण्यास सांगितलें आहे; मुलगा शहरांतून टर्कीच्या मांसाचें पाकीट आणतो; तें खाल्लें तर चालेल काय ?" छत्रपती संभाजीनगर हें पाहुण्यास नान-खलिया वाढणारें शहर. आपल्या खेड्यांतूनहि यात्रा, जावळ किंवा जांवयाचें येणें म्हटलें कीं बोकड हा ठरलेलाच. अशा मुलखांत मटणाची जागा एका परक्या पक्ष्याच्या मांसानें घ्यावी कीं काय, हा प्रश्न केवळ चवीचा नसून प्रकृतीचा आणि पैशाचाहि आहे. म्हणून त्याचा थोडा शांतपणें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. ज्यांच्या घरीं मांसाहार वर्ज्य आहे, त्यांनाहि पाकिटावरील मजकूर वाचण्याची रीत उपयोगी पडेल, अशी आशा आहे.

पक्ष्याची ओळख

टर्की हा मूळचा उत्तर अमेरिकेंतील पक्षी होय. मेक्सिकोंतील लोकांनीं तो प्रथम माणसाळविला व पुढें स्पॅनिश लोकांनीं तो युरोपांत नेला. पोर्तुगीज भाषेंत त्यास 'पेरू' म्हणतात. आपल्या बागेंतील पेरूशीं त्याचा घोटाळा करूं नये. हिंदुस्थानांत तो आला ती हकीकत मोठी मनोरंजक आहे. इ. स. १६१२ मध्यें मुकर्रबखान नांवाच्या सरदारानें गोव्याहून कांहीं अपूर्व प्राणी जहांगीर बादशहाकडे आणिले, त्यांत हा पक्षी होता. बादशहानें आपल्या आत्मवृत्तांत त्याच्या डोक्याचे व गळ्याचे बदलणारे रंग मोठ्या कौतुकानें वर्णिले आहेत, आणि चित्रकार मन्सूर यानें काढलेलें त्याचें चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयांत आहे. मलिक अंबरानें आपलें हें शहर खडकी या नांवानें वसविलें तें १६१० सालीं. म्हणजे हा पक्षी व हें शहर एकाच सुमारास इतिहासांत उदयास आलीं. परंतु चारशें वर्षे लोटलीं तरी टर्की आपल्याकडे प्रदर्शनांत आणि हौशी लोकांच्या अंगणांतच राहिली. आतां ती पाकिटांतून स्वयंपाकघरांत येऊं पाहत आहे. सप्टेंबर २०२३ मध्यें भारत सरकारनें अमेरिकेंतून येणाऱ्या गोठविलेल्या टर्कीवरील आयातशुल्क कमी करण्याचें मान्य केलें. तेव्हां हा विषय आपणांपासून फार दूरचा राहिलेला नाहीं.

मांसाचा गुण

प्रथम निर्भेळ मांसाचा विचार करूं. टर्कीच्या छातीचें कातडी काढलेलें कच्चें मांस १०० ग्रॅम घेतलें तर त्यांत सुमारें २३ ते २४ ग्रॅम प्रथिनें आणि दीड ते दोन ग्रॅम चरबी असते. कोंबडीच्या छातीच्या मांसांत कातडी काढल्यावर सुमारें साडेबावीस ग्रॅम प्रथिनें व अडीच ग्रॅम चरबी असते. म्हणजे टर्की किंचित् सरस खरी, पण हें अंतर इतकें थोडें आहे कीं, त्यापायीं कोणी दूरवरून पाकीट मागवावें असें नाहीं. मांडीच्या मांसांत व कातडींत चरबी अधिक असते, हें दोन्ही पक्ष्यांस सारखेंच लागू आहे.

आतां बोकडाकडे वळूं. पुष्कळांस आश्चर्य वाटेल, परंतु वरची चरबी नीट काढून टाकलेलें बोकडाचें निव्वळ मांसहि शेंकडा दोन-तीन टक्केच चरबीचें असतें. मेंढीचें मांस त्याहून चरबट. आपलें मटण जड होतें तें पुष्कळ अंशीं मांसाबरोबर मुद्दाम घेतलेल्या चरबीनें आणि वर तरंगणाऱ्या तेलाच्या तर्रीनें. तथापि बोकड व मेंढी यांचें मांस 'तांबड्या मांसा'च्या वर्गांत मोडतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१५ सालीं तांबडें मांस 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गांत घातलें आहे. टर्की व कोंबडी यांचें ताजें मांस त्या वर्गांत येत नाहीं. तेव्हां आठवड्यांतून अनेकदां मटण खाणाऱ्यानें त्यांतील कांहीं वेळां पक्ष्याचें मांस घ्यावें, हा सल्ला योग्यच आहे.

टर्की 'कोलेस्टेरॉलरहित' असते, असें विकणारे बेधडक सांगतात. हें खरें नव्हे. कोणत्याहि प्राण्याच्या मांसांत कोलेस्टेरॉल असतेंच. टर्कीच्या छातीच्या मांसांत तें १०० ग्रॅमला ५५ ते ६५ मिलिग्रॅमच्या घरांत असतें, आणि निव्वळ बोकडाच्या मांसांतहि जवळजवळ तितकेंच.

आमच्या घरचा अनुभव

येथवर मांसाची गोष्ट झाली. पाकिटाची गोष्ट वेगळी आहे. ती आम्ही आमच्या घरच्या अनुभवानेंच सांगतों.

आमचे वडील बंधु सत्तरीकडे झुकलेले आहेत. रक्तदाब वाढल्यामुळें डॉक्टरांनीं त्यांस मीठ व मटण दोन्ही आवरण्यास सांगितलें. पुतण्या शहरांत नोकरीस आहे; त्यानें मोठ्या मायेनें टर्कीच्या सॉसेजचीं पाकिटें आणून दिलीं. वेष्टणावर चरबी कमी असल्याचें ठळक अक्षरांत छापलें होतें. बंधूंनीं तें पथ्य समजून रोज न्याहारीस व रात्रीं खाण्यास आरंभ केला. मटण सुटलें, याचें घरांत सर्वांस समाधान वाटलें. महिन्याभरांत त्यांच्या पायांस सूज आली व रक्तदाब पूर्वींपेक्षां चढला. डॉक्टरांनीं खाण्याची चौकशी केली, तेव्हां वहिनींनीं पाकीटच नेऊन दाखविलें. डॉक्टरांनीं पुढची ठळक अक्षरें वाचलींच नाहींत, पाकीट उलटें करून मागील बारीक कोष्टक वाचलें आणि म्हणाले, "मटण सोडलेंत, पण मीठ दुप्पट केलेंत." पाकिटें बंद झाल्यावर व औषध बदलल्यावर प्रकृति सुधारली. कारखानदारानें कांहीं लपविलें नव्हतें. सर्व मजकूर मागें छापलेला होता. तो आम्हीं वाचला नव्हता, हाच दोष.

पाकीट कसें वाचावें

(१) पाकिटांत काय आहे तें आधीं पाहावें. 'टर्कीच्या छातीचें कच्चें मांस' आणि 'टर्की सॉसेज', 'टर्की सलामी', 'टर्की हॅम' हे भिन्न पदार्थ आहेत. पहिलें निव्वळ मांस. दुसरे मीठ, मसाले, पिष्ट व टिकाऊपणाचीं द्रव्यें घालून केलेले. टर्की हॅम बहुधा मांडीच्या मांसाचें करितात, छातीच्या नव्हे.

(२) घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानें देण्याचा नियम आहे. यादींत मांसाच्या पाठोपाठ पाणी, पिष्ट किंवा तेल आलें असेल, तर आपण मांसाच्या भावानें काय विकत घेत आहों, हें उघड होतें. अखंड गोठविलेल्या पक्ष्यांतहि कित्येकदां मिठाचें पाणी टोंचून भरलेलें असतें; तें यादींत सांपडतें.

(३) 'सोडियम नायट्राईट' अथवा 'आय. एन. एस. २५०' असें लिहिलें असेल, तर तें मांस रंग व टिकाऊपणा यांसाठीं मुरविलेलें आहे असें समजावें. वर सांगितलेल्या संस्थेनें अशा प्रक्रिया केलेल्या मांसास 'कर्करोगकारक' या पहिल्याच वर्गांत घातलें आहे, आणि रोज ५० ग्रॅम असें मांस खाल्ल्यास मोठ्या आंतड्याच्या कर्करोगाचा संभव सुमारें १८ टक्क्यांनीं वाढतो असें म्हटलें आहे. मांस पक्ष्याचें आहे, एवढ्यावरून तें या वर्गांतून सुटत नाहीं.

(४) सोडियमचा आंकडा पाहून त्यास अडीचनें गुणावें, म्हणजे मिठाचा आंकडा निघतो. समजा, १०० ग्रॅमला ९०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलें आहे. असे पदार्थ सहज आढळतात. ९०० गुणिले अडीच म्हणजे २२५० मिलिग्रॅम, अर्थात् सव्वादोन ग्रॅम मीठ. दिवसांत १५० ग्रॅम खाल्लें तर सुमारें ३.४ ग्रॅम मीठ पोटांत गेलें. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें प्रौढ माणसानें दिवसास ५ ग्रॅमपेक्षां कमी मीठ खावें. मग दिवसभराचें वरण, भाजी, ठेंचा व लोणचें यांसाठीं दीड ग्रॅमच उरलें. मीठ न लाविलेल्या कच्च्या मांसांत सोडियम फारच थोडें, १०० ग्रॅमला शंभर मिलिग्रॅमच्या आसपास असतें.

(५) अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आंकडी परवाना क्रमांक, उत्पादनाची तारीख व किती दिवसांत वापरावें हें पाहावें. मांसाहारी पदार्थावर चौकोनांत तपकिरी त्रिकोणाची खूण असते.

साठवण

गोठविलेलें मांस उणे १८ अंश सेल्सिअसवर राहिलें पाहिजे. आपल्या खेड्यांतून वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो. वैशाखांत शहरापासून घरापर्यंतच्या दोन तासांच्या प्रवासांतहि पाकीट सुटतें. आंत बर्फाचे मोठे खडे किंवा गोठलेलें तांबूस पाणी दिसल्यास तें एकदां वितळून पुनः गोठलेलें असण्याचा संभव असतो. असें पाकीट घेऊं नये. मांस ओट्यावर ठेवून वितळवूं नये. शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यांत रात्रभर ठेवावें, मोठा पक्षी असल्यास दर दोन-अडीच किलोस एक दिवस धरावा. ज्याच्या घरीं शीतकपाट भरवंशाचें नाहीं, त्यानें हा माल साठवूं नये. लागेल त्या दिवशींच आणावा.

रांधण्याची रीत

छातीच्या मांसांत चरबी नसल्यामुळें तें मटणाप्रमाणें शिजत ठेविल्यास कोरडें व चिवट होतें. धाग्याच्या आडवे तुकडे करून तासभर दह्यांत व आल्या-लसणांत मुरवावेत. मग थोड्या तेलांत कांदा परतून, येसराचा रस्सा उकळी आल्यावर तुकडे त्यांत सोडावेत व मंद आंचेवर बेताचेच शिजवावेत. तुकड्याचा मध्य ७४ अंशांपर्यंत तापला पाहिजे. कापल्यावर आंत गुलाबी छटा राहूं देऊं नये. मीठ शेवटीं आणि निम्मेंच घालावें. आमच्या घरीं हा रस्सा भाकरीबरोबर सर्वांनीं आवडीनें खाल्ला. मात्र मटणाचा स्वाद त्यांत शोधणारा निराश होईल.

टर्की पाळावी काय ?

पाकिटांचा भाव पाहून कित्येक तरुण वाचकांच्या मनांत टर्कीपालनाचा विचार येतो. उत्तर प्रदेशांत इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनें 'कारी-विराट' ही टर्कीची जात तयार केली आहे. तेव्हां हा धंदा आपल्या देशांत अशक्य आहे असें नाहीं. परंतु कोंबडीच्या अनुभवावर विसंबून यांत उडी घेऊं नये. टर्कीचें अंडें उबण्यास २१ नव्हे तर २८ दिवस लागतात. पिलांस आरंभीं शेंकडा २८ टक्क्यांच्या सुमारास प्रथिनें असलेलें खाद्य लागतें, आणि त्यांस खाणें-पिणें शिकवावें लागतें. न शिकविल्यास समोर खाद्य असतांहि पिलें उपाशीं मरतात. सर्वांत मोठा धोका 'ब्लॅकहेड' या रोगाचा. त्याचे सूक्ष्म जंतु कोंबडीच्या आंतड्यांतील कृमींच्या अंड्यांतून पसरतात. कोंबडी वरून निरोगी दिसते आणि टर्की मरते. म्हणून ज्या आवारांत कोंबड्या फिरतात, तेथें टर्की ठेवूं नये. आणि पिलें आणण्यापूर्वीं गिऱ्हाईक निश्चित करावें. आपल्या तालुक्याच्या आठवडे बाजारांत दहा किलोचा पक्षी कोण घेणार, याचें उत्तर ज्यास देतां येत नाहीं, त्यानें शेळी व गांवरान कोंबडी यांवरच समाधान मानावें.

सारांश

मीठ न लाविलेलें टर्कीच्या छातीचें मांस उत्तम आहे. परवडत असेल आणि चांगल्या स्थितींत मिळत असेल तर अवश्य घ्यावें. तें न मिळाल्यास कातडी काढलेली कोंबडी जवळजवळ तेंच काम करिते. चरबी काढलेलें मटण बेतानें व क्वचित् खाण्यास निरोगी माणसानें भिण्याचें कारण नाहीं. परंतु टर्कीचें सॉसेज, सलामी व हॅम हे पथ्याचे पदार्थ नव्हेत. ते सणावारीं चाखावयाचे पदार्थ होत, आणि रक्तदाब अथवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यानें वैद्यांस विचारल्यावांचून त्यांस हात लावूं नये.

आपण खताच्या गोणीवरील आंकडे वाचल्याशिवाय तें शेतांत टाकीत नाहीं. पिकासाठीं जी खबरदारी घेतों, ती घरच्या ताटासाठींहि घ्यावी. मंडळाच्या पुढील बैठकीस येतांना ज्यांच्या घरीं अशीं पाकिटें येतात त्यांनीं रिकामीं वेष्टणें अवश्य बरोबर आणावींत; तीं उलटीं करून आपण सर्व मिळून वाचूं.