अश्वशक्तीच्या पलीकडे

मोटार कर्जाच्या अर्जासोबत आलेल्या माहितीपत्रकात ग्राहक बहुधा प्रथम अश्वशक्ती पाहतो. तेवढ्यावर तुलना फसते. १९९१ मधील दोन जर्मन गाड्या घ्या: बीएमडब्ल्यू एम-५ ची शक्ती ३१५, मर्सिडीज ५००-ई ची ३२६. फरक नगण्य! परंतु एम-५ चे साडेतीन लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन ही शक्ती मिनिटाला ६,९०० फेऱ्यांवर देते. मर्सिडीजचे पाच लिटरचे, आठ सिलिंडरांचे इंजिन ५,७०० वरच. चाके फिरवणारा जोर, अर्थात टॉर्क, अनुक्रमे ३६० व ४८० न्यूटन-मीटर. म्हणूनच एकीला हाताने बदलावयाचे पाच गिअर लागतात, दुसरीला चार स्वयंचलित गिअर पुरतात. कमाल वेग मात्र दोहोंचा ताशी २५० किलोमीटरवर इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने रोखलेला; सबब तो रकाना येथे निरुपयोगी. ५००-ई च्या जुळणीत पोर्शेच्या कारखान्याचाही हात होता, हे तर कोणत्याच रकान्यात बसत नाही.